गेम ‘डार्क’ करताय? मग या चुका टाळा

माझ्या पहिल्या गेममध्ये पाऊस होता, घाट होता, सारंगी होती आणि नायकाच्या वडिलांची चिता होती. पावणेतीन मिनिटांचा कटसीन, म्हणजे खेळ थांबवून नुसता बघायला लावलेला प्रसंग. नोकरी सांभाळून तो करायला मला तीन महिने लागले. खेळून बघायला बसवलेला पहिला मित्र चिता पेटताच म्हणाला, “एवढ्या पावसात पेटली कशी?” आणि त्याने खिशातून मोबाइल काढला. कटसीन संपल्यावर त्याचा दुसरा प्रश्न होता, “उडी कुठल्या बटणावर आहे?”

तो गेम मी आता कुणाला दाखवत नाही. पण नंतर गेम करणाऱ्या पोरांच्या स्क्रिप्ट माझ्याकडे वाचायला येत गेल्या, आणि बहुतेकांत माझाच पाऊस पडत होता. विषय जड, रंग काळे, संवाद दबक्या आवाजात, आणि खेळणारा मात्र कोरडा ठणठणीत. असं का होतं आणि ते दुरुस्त कसं करायचं, ते जमेल तसं सांगतो. खालच्यापैकी निम्म्या चुका मी स्वतः केल्या आहेत. उरलेल्या करायला वेळ मिळाला नाही.

दुःख पडद्यावर, हात रिकामे

सगळ्यात मोठी चूक हीच. मृत्यू, निरोप किंवा दगा असा प्रसंग आला की लेखकाला सिनेमा सुचतो. तो खेळाडूच्या हातातून कंट्रोलर काढून घेतो, प्रसंग दाखवतो आणि मग परत देतो. सिनेमाचा प्रेक्षक मुळात बसलेलाच असतो, त्याचं काही जात नाही. इथे ज्याने सहा तास त्या पात्राला पळवलं, जगवलं, त्यालाच ऐन वेळी पाहुण्यासारखं कोपऱ्यात बसवलं जातं.

२०१३ चा ‘ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स’ एकदा तरी खेळा. कंट्रोलरची डावी बाजू म्हणजे थोरला भाऊ, उजवी म्हणजे धाकटा. धाकट्याला पाण्याची भीती, त्यामुळे नदी आली की तो थोरल्याच्या पाठीला धरून पार होतो. शेवटाकडे थोरला मरतो आणि अर्धा कंट्रोलर मुका होतो. मग पुन्हा पाणी आडवं येतं. धाकट्याचं बटण दाबून काही होत नाही. खेळाडू गोंधळतो, पुढे-मागे करतो, आणि कधीतरी त्याचं डावं बोट सवयीने थोरल्याच्या बटणावर जातं. पोरगं पाण्यात उतरतं. या गेममधली पात्रं बनवलेल्या भाषेत बोलतात, एक शब्द कळत नाही. तरी माझं बोट तिथे थबकलं होतं.

‘फायनल फँटसी सेव्हन’मधला एरिथ या साथीदार मुलीचा मृत्यू १९९७ पासून लोक विसरलेले नाहीत, त्यातही हेच आहे. प्रसंग कटसीनमध्येच घडतो, पण आपण जिला वाढवली, शस्त्रं दिली, जिच्या जखमा भरण्याच्या ताकदीवर लढाया जिंकल्या, ती पुढच्या लढाईत नसते. यादीतली तिची जागा रिकामी दिसते. शिवाय लगेच येणाऱ्या बॉस फाइटमध्ये, म्हणजे बड्या शत्रूशी होणाऱ्या लढाईत, नेहमीचं लढाईचं संगीत वाजत नाही, तिचीच धून चालू राहते.

आणि ‘व्हॉट रिमेन्स ऑफ इडिथ फिंच’ (२०१७) मधला मासळीच्या कारखान्याचा भाग. एका हाताने मासे कापायच्या यंत्राखाली सारत राहायचं, दुसऱ्या हाताने त्या कामगाराच्या डोक्यातलं काल्पनिक राज्य फिरायचं. हळूहळू ते राज्य पडदा व्यापत जातं, पण मासे काही थांबत नाहीत. थोड्या वेळाने लक्षात येतं की आपला हात मासे आपोआप कापतोय आणि आपण तिथे नाहीच. नैराश्य हा शब्द कुणी ओरडून सांगावा लागत नाही.

पण नुसतं बटण दिलं म्हणजे झालं, असंही नाही. २०१४ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: अॅडव्हान्स्ड वॉरफेअर’मध्ये लष्करी अंत्यसंस्कार आहे. शवपेटीपाशी गेलं की पडद्यावर सूचना येते: आदरांजली वाहण्यासाठी एफ दाबा. हा जगभर विनोद झाला, अजूनही आहे. हातालाच काम दिलं होतं, मग फसलं कुठे? त्या बटणाला आधीची काही आठवणच नव्हती. थोरल्याच्या बटणामागे अख्खा प्रवास होता, एफ मागे काही नाही.

तपासायचं कसं? सगळे कटसीन तात्पुरते काढा आणि गेम कुणाला तरी खेळायला द्या. कोण गेलं, काय हरवलं, हे त्याला निव्वळ खेळण्यात पडलेल्या फरकावरून जाणवतं का ते बघा. जाणवत नसेल तर आणखी चांगला कटसीन करून उपयोग नाही. मेलेलं पात्र आधी काय काम करत होतं ते ठरवा, आणि ते काम आता खेळाडूला एकट्याने करायला लावा.

गोष्ट रडते, खेळ नाणी वाटतो

क्लिंट हॉकिंग या डिझायनरने २००७ मध्ये ‘बायोशॉक’बद्दल लिहिताना या दुखण्याला ‘ल्युडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ असं भारदस्त नाव दिलं. साधा अर्थ: गोष्ट एक सांगते, खेळ भलतंच करायला लावतो. २०१३ च्या ‘टूम रेडर’मध्ये नायिका लारा पहिल्यांदा माणूस मारते तेव्हा तिचे हात थरथरतात, प्रसंग खरोखर अंगावर येतो. आणि थोड्याच वेळात आपण टपाटप माणसं पाडत असतो, चांगल्या नेमबाजीचे गुण मिळत असतात. थरथर कुठे गेली?

आपल्याकडच्या स्क्रिप्टमध्ये हे छोट्या जागी लपलेलं असतं. वडिलांचं शेवटचं पत्र उचललं की ‘टिंग’ आवाज आणि ‘७ पैकी ३ सापडली’ अशी पट्टी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरात शिरल्यावर मडकी फोडून पैसे. हे लेखकाने लिहिलेलं नसतं. तयार टेम्प्लेटमधून आलेलं असतं आणि कुणी काढत नाही. म्हणून जड प्रसंगाच्या मागच्या-पुढच्या दहा मिनिटांत वाजणारा प्रत्येक आवाज, दिसणारा प्रत्येक आकडा कागदावर उतरवून काढा. ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ (२००५) मध्ये अजस्र प्राणी कोसळला की विजयाचा बँड वाजत नाही, शोकाचं संगीत येतं. सोळा वेळा. हळूहळू खेळाडूलाच प्रश्न पडतो की आपण हे काय चालवलंय.

आकडे नकोतच, असं मात्र नाही. बऱ्याच जणांचा इथे गैरसमज होतो. लुकास पोपच्या ‘पेपर्स, प्लीज’मध्ये (२०१३) तर आकड्यांशिवाय काही नाही. सीमेवरचा कारकून, तपासलेल्या माणशी ५ क्रेडिट (तिथले पैसे) कमाई, घरी भाडं, अन्न, ऊब आणि औषध. एक नवरा कागदपत्रं दाखवून आत जातो. मागून आलेल्या बायकोकडे परवाना नाही, ती हात जोडते. सोडलंत तर चूक नोंदली जाते. दिवसातल्या पहिल्या दोन चुका माफ, तिसरीपासून दंड. म्हणजे सकाळी दया स्वस्त असते, संध्याकाळी महाग. दयेचा भाव असा दिवसभर बदलत जाताना खेळाडू स्वतःला बघतो. आकडा दुःखाच्या आड येत असेल तर काढा, दुःख त्या आकड्यातच मावत असेल तर ठेवा.

वाट एकच, आणि वर दोषही त्यालाच

‘स्पेक ऑप्स: द लाइन’ (२०१२) खेळून आलेला प्रत्येक नवा लेखक ही चूक करतो. वाळूत गाडलेल्या दुबईत खेळाडू पांढऱ्या फॉस्फरसचा मारा करतो. पडद्यावर नुसते ठिपके दिसतात. मग त्यालाच त्या जळलेल्या माणसांमधून चालावं लागतं, आणि तिथे सामान्य नागरिकही असतात. मारा न करता पुढे जाताच येत नाही. तिथे ते खपून गेलं, कारण तो गेम युद्धाच्या इतर गेमांशीच भांडत होता. ‘हुकूम आला म्हणून दाबलं’ ही सवयच त्याला पकडायची होती. तसं भांडण तुमच्या गोष्टीत नसेल आणि तुम्ही एकच दार ठेवून वर ‘हे तू केलंस’ म्हणालात, तर खेळाडू उत्तर देतो, “मी नाही, तूच केलंस.” आणि त्याचं बरोबर असतं.

सक्तीचा प्रसंग पचवायचा असेल तर ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ (२०१८) कडे बघा. सुरुवातीच्या एका कामात गुंडांच्या टोळीतला नायक आर्थर मॉर्गन कर्जवसुलीला जातो. समोरचा माणूस खोकतोय. आपण त्याला बडवतो, त्याचं रक्त आर्थरच्या तोंडावर उडतं. वसुलीची कामं त्या टोळीत रोजचीच, आपण पुढे निघून जातो. कित्येक तासांनी आर्थर रस्त्यात कोसळतो आणि डॉक्टर सांगतो: क्षय. साल १८९९, औषध नाही. ती मारहाणही टाळता येत नव्हती, पण तेव्हा कुणी बोट दाखवलं नव्हतं. हिशोब गेमने मांडलाच नाही, तो आपला आपल्यालाच आठवतो.

याच्या उलटी चूकही आहे: दोन पर्याय, एक हिरवा, एक लाल. ‘म्हातारीला वाचवा’ किंवा ‘म्हातारीला लुटा’. यात कसलं द्वंद्व? ‘सायलेंट हिल २’ (२००१) शेवट ठरवताना काही विचारतच नाही. खेळाडूने बायकोचा फोटो पुन्हा काढून पाहिला का, जखमी असूनही उपचार न करता फिरत राहिला का, दुसऱ्या एका दुःखी बाईचा सुरा न्याहाळत बसला का, हे तो मुकाट्याने टिपत असतो. जगण्याची इच्छा उरलेली नाही असं तुमच्या वागण्यातून दिसलं, तर शेवटही तसा येतो.

सतत अमावास्या

पहिल्या पडद्यापासून शेवटपर्यंत राख, रक्त आणि खर्जातला आवाज असेल तर विसाव्या मिनिटाला डोळे सरावतात. ‘द लास्ट ऑफ अस’मधला (२०१३) लोकांच्या लक्षात राहिलेला एक प्रसंग म्हणजे ओसाड शहरात झाडपाला खाणारे जिराफ. मागेपुढे सगळा संहार, मध्ये ही दोन मिनिटं.

मराठी माणसाला हे शिकवायला नको खरं तर. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो, आणि रात्री कुणीतरी गेलेल्या माणसाचा असा किस्सा सांगतो की सगळे तोंडाला पदर-रुमाल लावून हसतात. मग कुणीतरी एकदम हमसून रडतं. तुमच्या स्क्रिप्टमध्ये तो किस्सा कुठे आहे?

मेलेली बायको, मेलेली मुलगी

नायक गप्प आणि रागीट का? बायको मेली म्हणून. ती कोण होती, तिला काय आवडायचं, चहात साखर किती, काही नाही. फक्त फोटो आणि फ्लॅशबॅक. वर सांगितलेला ‘द लास्ट ऑफ अस’ही मुलीच्या मृत्यूनेच सुरू होतो. पण आधी आपण ती मुलगी, म्हणजे सारा, बनूनच त्या घरात फिरतो. तिने बापाला वाढदिवसाला घड्याळ दिलेलं असतं. मारायचंच असेल तर आधी पाच मिनिटं तरी ते पात्र खेळाडूला जगू द्या.

वेड म्हणजे सजावट

भिंतीवर रक्ताने लिहिलेली वाक्यं, हसणारा मनोरुग्ण, गंजलेला पलंग. कृपा करून नको. ‘हेलब्लेड: सेनुआज सॅक्रिफाइस’ (२०१७) करताना निन्जा थिअरी या स्टुडिओने केंब्रिजचे प्राध्यापक पॉल फ्लेचर यांना आणि प्रत्यक्ष मनोविकारातून गेलेल्या लोकांना सोबत घेतलं. सेनुआच्या डोक्यातले आवाज हेडफोनवर डाव्या-उजव्या कानामागून येतात. कधी टोमणे मारतात, कधी मागून वार येतोय म्हणून सावधही करतात. म्हणजे आवाज त्रास देतात आणि उपयोगीही पडतात. ही गुंतागुंत ज्यांनी सोसलंय त्यांना विचारल्याशिवाय सुचत नाही.

“तुझ्या नुकसानीबद्दल मला वाईट वाटतं”

असं मराठीत कुणी कधी म्हणालंय? तरी दर तिसऱ्या स्क्रिप्टमध्ये हे वाक्य भेटतं, कारण लेखक संवाद मनात इंग्रजीत ऐकतो. आपण अशा वेळी विचारतो, “कधी झालं?” मग, “शेवटी कोण होतं जवळ?” मग, “तू काही खाल्लंस का?” फार आजारी माणूस गेला तर “सुटली बिचारी” म्हणतो, आणि ते म्हणताना मुलाच्या तोंडाकडे बघत नाही. या चार वाक्यांत दोन पानांच्या भाषणापेक्षा जास्त वजन आहे.

नातीही अशीच आयती हाताशी असतात. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) म्हणजे धाकट्या भावाला शोधत निघालेली बहीण. ते नातं इथल्या खेळाडूला समजावून सांगण्यात एक मिनिटही घालवावं लागत नाही.

आता माझ्या चितेचं काय झालं

चिता काढली. पाऊस काढला. सारंगी वाजवणाऱ्या मित्राची माफी मागितली. आता नवा गेम दहाव्यावर सुरू होतो. पान मांडलेलं आहे, पिंड ठेवलाय, झाडावर कावळे आहेत आणि एकही खाली येत नाही. खेळाडूने फक्त बोलायचं आहे: वडिलांचं काय राहून गेलं असेल ते ओळखायचं आणि वचन द्यायचं. ‘आईला मी सांभाळीन.’ कावळा हलत नाही. ‘घर विकणार नाही.’ एक फांदी खाली येतो, थांबतो. काय राहिलं होतं त्याचा माग आधीच्या घरातल्या प्रसंगांमध्ये विखुरलेला आहे. दिलेली वचनं पुढच्या प्रत्येक लेव्हलमध्ये पाळावी लागतात, आणि घर न विकता कर्ज फेडणं फार कठीण केलंय.

गेल्या महिन्यात पावसावरून हसलेल्या त्याच मित्राला खेळायला बसवलं. तो बराच वेळ पिंडाकडे बघत राहिला. शेवटचं वचन चुलत्याशी असलेलं भांडण मिटवण्याचं होतं. ते त्याने अचूक ओळखलं, आणि म्हणाला, “नाही देणार. दर्भाचा कावळा करून लावायची सोय आहे का यात?”

नव्हती. त्या रात्रीपासून तीच करतोय.