स्कूटरचं आयडलिंग आणि इंजिनाचे आवाज: या चुका टाळा

आयडलिंग म्हणजे रेस न देता इंजिन हळू चालत राहणं. गाडी सिग्नलला बंद पडायला लागली की पहिला हात ते कमी-जास्त करणाऱ्या आयडल स्क्रूकडे जातो. स्क्रू थोडा आवळला, रेस वाढली, गाडी बंद पडायची थांबली. मोटरसायकलवर हे काही दिवस खपून जातं, स्कूटरवर नाही. स्कूटरचा सेंट्रिफ्युगल क्लच (इंजिनाचा वेग वाढला की आपोआप पकडणारा) फक्त इंजिनाचा वेग ओळखतो. बहुतेक 110-125 सीसी गाड्यांचं आयडलिंग 1500 ते 1800 आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) दरम्यान असतं आणि क्लच त्याच्या बराच वर पकडायला लागतो. मधलं हे अंतर स्क्रूने खाऊन टाकलं, की क्लच शू (घासून पकडणारे तुकडे) बाहेरच्या वाटीसारख्या बेलला अर्धवट घासत राहतात. मग ते चकचकीत होतात, गाडी उठताना थरथरते आणि ब्रेक सोडला की आपोआप पुढे सरकते.

मेन स्टँडवर आयडलिंगला मागचं चाक हळूहळू फिरणं मात्र दोष नाही. मागचा ब्रेक हलका दाबून पाहा. चाक थांबलं आणि इंजिनाच्या आवाजात फरक पडला नाही, तर सगळं ठीक. ब्रेक दाबताच इंजिन दबत असेल, तर आयडलिंग जास्त आहे किंवा क्लचच्या स्प्रिंग ढिल्या पडल्या आहेत.

बंद पडण्याचं कारण शोधताना गाडी केव्हा बंद पडते हे आधी पाहा. थंड असतानाच बंद पडत असेल, तर कार्ब्युरेटरच्या गाडीत ऑटो चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारा भाग) किंवा आयडलिंगचं पेट्रोल पुरवणारा बारीक छिद्राचा पायलट जेट तपासा. गाडी काही दिवस उभी राहिली की तो सगळ्यात आधी तुंबतो. थंड असताना छान चालून गरम झाल्यावर बंद पडत असेल, तर संशय टॅपेटवर (व्हॉल्व्ह आणि तो उघडणारा रॉकर यांच्यातल्या फटीच्या सेटिंगवर) घ्या. रेस सोडल्यावर आरपीएम खाली यायला वेळ लागत असेल, तर इनटेक मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या नळीच्या) रबराला तडा असतो किंवा थ्रॉटल (रेसच्या) केबलला मोकळीक उरलेली नसते. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. रेस बदलली तर केबलच ओढली जातेय, कार्ब्युरेटर उघडायची गरज नाही. मॅनिफोल्डच्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारल्यावर इंजिनाचा सूर क्षणभर बदलला, तर हवा तिथून आत शिरते आहे. यासाठी पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर वापरू नका, खाली तापलेला सायलेन्सर असतो.

हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू पूर्ण आत घट्ट पिळणं ही आणखी एक नेहमीची चूक. त्याचं टोक सुईसारखं असतं आणि जोर दिला की त्यावर खाच पडते, मग कुठल्याच सेटिंगला गाडी स्थिर राहत नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल बॉडीवरचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या भागावरचा) सीलबंद स्क्रू हलवायचाच नाही. तिथे आधी थ्रॉटल बॉडीतला कार्बन आणि आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह साफ करावा.

आता आवाज. ‘टॅपेट वाजतोय, टाइट करून द्या’ ही मागणी जवळपास सगळेच करतात आणि नुकसानही तिथेच होतं. व्हॉल्व्हचं टोक आणि रॉकर यांच्यात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास फट लागते. हलकी, एकसारखी टिकटिक म्हणजे ती फट शिल्लक आहे. फट संपली की इंजिन अगदी गप्प होतं, पण गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. कॉम्प्रेशन जातं, आयडलिंग पडतं आणि शेवटी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. आमच्या मते, वाजणाऱ्या टॅपेटपेक्षा न वाजणारा टॅपेट जास्त धोक्याचा. सेटिंग इंजिन पूर्ण थंड असताना करावी. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला) आणून, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापानेच करावी. इनलेट आणि एक्झॉस्टचं माप वेगळं असू शकतं. कानाने सेटिंग करणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका.

टिकटिक वाटणारा प्रत्येक आवाज टॅपेटचा नसतो. सायलेन्सरच्या गॅस्केटमधून गळती असेल तर तसाच ‘चट चट’ आवाज येतो आणि जोडाजवळ काळी काजळी दिसते. थंड इंजिन सुरू करताच थोडा वेळ साखळी खळखळल्यासारखी वाजली, तर टायमिंग चेनचा टेन्शनर (साखळी ताणून धरणारा भाग) पाहा. त्याआधी ऑइल मोजा: गाडी मेन स्टँडवर, इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि मग डिपस्टिक पाहा. बऱ्याच मॉडेलमध्ये ती आटे न फिरवता नुसती टेकवून माप घ्यायचं असतं. स्कूटरच्या इंजिनात बहुधा लिटरपेक्षाही कमी ऑइल असतं, त्यामुळे थोडी घटही जाणवते. ‘असू दे जास्त’ म्हणून वर भरलं, तर ते ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरमध्ये जातं आणि आयडलिंग पुन्हा बिघडतं.

डावीकडून आयडलिंगला खडखड येते आणि रेस दिली की नाहीशी होते, तेव्हा इंजिन उघडायच्या आधी व्हेरिएटर (वेगानुसार बेल्टचा गिअर बदलणारी पुली) उघडा. त्यातले रोलर एका बाजूने सपाट झालेले असतात किंवा रॅम्प प्लेटचे स्लायडर झिजलेले असतात. रोलर पूर्ण सेट म्हणूनच, आणि त्याच वजनाचे बदला. कव्हर काढून ठेवून इंजिन चालवू नका. फिरत्या बेल्टजवळ बोट किंवा कापड गेलं तर सोडवायला वेळ मिळत नाही. गाडीच्या वेगाबरोबर घरघर वाढत जाते पण रेसशी तिचा संबंध नाही, असं असेल तर इंजिन बंद करून मेन स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवा. आवाज तेव्हाही आला, तर दोष चाकाच्या किंवा गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा, नाहीतर ब्रेकचा. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं आणि ते बदलायचं बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही.

चढावर रेस दिल्यावर टिणटिण आवाज आला, तर इंजिन तापतंय किंवा आत कार्बन साचलाय. कूलिंग फॅनच्या जाळीत कचरा अडकलाय का पाहा. खोल, जड ‘ठक ठक’ मात्र भार पडल्यावर वाढत असेल, तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलेलं असू शकतं. अशी गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका, टेम्पोत घालून न्या.