सहीआधी चेंडू वाचा
जुन्या बेसबॉलपटूच्या सहीचा चेंडू विकायला आला, की आधी सही बघूच नका; चेंडूवरचा छापील मजकूर वाचा. अमेरिकन लीगच्या अधिकृत चेंडूवर लीगच्या अध्यक्षाचं नाव असे. विल हॅरिज अध्यक्ष झाले १९३१ साली, आणि ख्रिस्टी मॅथ्यूसन वारला १९२५ मध्ये. हॅरिजचं नाव आणि मॅथ्यूसनची सही एकाच चेंडूवर दिसली, तर हात जोडून निघायचं.

मग भिंगातून शाई. बॉलपेन अमेरिकेत दुकानात आलं १९४५ च्या अखेरीस. लू गेरिग १९४१ मध्येच गेला. त्याची सही शाईपेनाची किंवा पेन्सिलीची हवी.

शूलेस जो जॅक्सनला लिहिता जेमतेम येई; बऱ्याच सह्या बायको केटीच करायची. वळणदार ‘जो जॅक्सन’ दिसला, की मला पहिली शंका तिचीच येते.