घरचं माणूस जेलमधून सुटणार असेल तर काय करायचं, काय नाही

ठाणे जेल असो नाहीतर तळोजा, जामीन झाला की घरात एकदम धावपळ सुरू होते, आणायला कोण जाणार, शेजाऱ्यांना काय सांगायचं, दारात ओवाळायचं का नको... हे सगळं होतं हो कसंबसं. अडतं ते भलतीकडेच, मोबाईल नंबरवर. हसू नका, खरंच.

माणूस आत गेला की त्याचं सिम रिचार्ज करायचं कोणाच्या डोक्यात येतं? काही महिन्यांत नंबर बंद, मग तो दुसऱ्याच कोणालातरी दिला जातो, आणि आधार, बँक, पॅन सगळं त्याच नंबरला जोडलेलं. म्हणून तो आत असतानाच स्वस्तातला रिचार्ज मारत राहा. नंबर गेलाच असेल तर आधी नवीन सिम (आधार आणि अंगठ्यावर मिळतं), मग आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलून घ्या, मग बँकेत केवायसी कारण दोन वर्षं व्यवहार नसला की खातं झोपवून ठेवतात, आणि यूपीआय सगळ्यात शेवटी. उलट्या बाजूने सुरू केलंत तर प्रत्येक खिडकीवर ओटीपी मागणार आणि तो जाणार कुठल्या तरी अनोळखी माणसाला. त्याचा जुना हँडसेट केसमध्ये मुद्देमाल म्हणून जमा असेल तर तो मागायला कोर्टात अर्ज लागतो, वकिलाला आत्ताच सांगून ठेवा. आणि गेटवर मिळालेला सुटकेचा कागद, औषधपाण्याचे कागद असतील तर तेही, एका फाईलमध्ये ठेवा, रॅकवर टाकू नका.

जामिनावर असेल तर केस संपलेली नाही हे सगळ्या घराला माहीत पाहिजे. पोलीस स्टेशनची हजेरी, कोर्टाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहा. ई-कोर्ट्स अ‍ॅपमध्ये केसचा १६ अक्षरांचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसला कोर्टाने दिलेला वेगळा नंबर) टाकला की पुढची तारीख दिसते, वकिलाच्या फोनची वाट बघत बसायला नको. एक तारीख चुकली की वॉरंट निघू शकतं आणि मग परत तेच सगळं. वकील परवडत नसेल तर १५१०० ला फोन करा, विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर आहे, ठाण्यात जिल्हा प्राधिकरण कोर्टातच आहे.

आता घरातलं. आतमध्ये कधी उठायचं, कधी जेवायचं, कधी बराकीत जायचं हे सगळं दुसरंच कोणतरी ठरवतं, गिनती म्हणजे कैद्यांची मोजणी झाली की बराकीला कुलूप. वर्षानुवर्षं असं राहिलं की माणसाची स्वतः ठरवायची सवयच मोडते. आमच्या कळव्याच्या चाळीत एक दादा सुटून आले, संध्याकाळी साडेपाचलाच ताट घेऊन बसायचे आणि रात्री लाईट घालवली की उठून बसायचे, कारण बराकीत रात्रभर लाईट चालू असतो. वहिनीने वाद घातला नाही, एक झिरोचा बल्ब लावून दिला आणि जेवण तेवढं हळूहळू उशिरा करत नेलं. पण तिचं सगळ्यात भारी काम म्हणजे रोज सकाळी दोनशे रुपये हातात देऊन भाजीला पाठवायची, काय आणायचं ते सांगायची नाही आणि हिशोबही मागायची नाही. पहिल्या दिवशी सासूबाई ओरडल्या, चार गड्ड्या मेथी कोण खाणार म्हणून! खाल्ली सगळ्यांनी.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्याला पाहुणा पण करू नका आणि कैदी पण. सारखं "कुठे चाललास, कोणाचा फोन" चालू ठेवलंत तर त्याला बराक बरी वाटेल. आणि "तुझ्यापायी मंगळसूत्र गहाण टाकलं" हे खरं असलं तरी भांडणात काढू नका. कर्ज किती आहे ते एकदा शांतपणे बसून कागदावर दाखवा, त्यात त्याचा वाटा त्यालाच ठरवू द्या.

पोरांना "पप्पा दुबईला होते" सांगितलं असेल तर ते मिटवून टाका, शाळेत कोणीतरी सांगणारच आहे. वयाला झेपेल तेवढंच पण खरं सांगा.

कामाचं म्हणाल तर सिक्युरिटीच्या मागे लागू नका, तिथे पोलीस व्हेरिफिकेशन लागतं, रिक्षाच्या बॅजलाही तेच. वागळे, रबाळे, तळोजा एमआयडीसीत ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरकडे, वाशी मार्केटला, कॅन्टीनच्या किचनमध्ये, असं घरातल्या कोणाच्यातरी शब्दावर काम लवकर मिळतं. तो शब्द मामाने, भावोजींनी टाकायचा असतो, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसने होत नाही. निर्दोष सुटला असेल तर निकालाची सर्टिफाईड कॉपी काढून ठेवा, पुढे फार उपयोगी पडते. टिसची (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) प्रयास ही संस्था १९९० पासून ह्याच कामात आहे, घरातून जमत नसेल तर त्यांच्याशी बोला.

झोप येत नाही, दारू वाढली, गप्पगप्प राहतो असं दिसलं तर टेली मानस १४४१६, ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन आहे, मराठीत बोलतात आणि फुकट आहे. ठाण्याच्या मनोरुग्णालयात ओपीडी पण आहे, तिथे गेलं म्हणजे वेडा झाला असं काही नसतं.

बाई सुटून येते तेव्हा मात्र ह्यातलं निम्मंसुद्धा होत नाही. नवऱ्याला मुलाकातीला जाणारं घर बायकोला न्यायला येत नाही, हे स्पष्टच बोलायला पाहिजे. माहेरच्यांनी तरी गेटवर जा, आणि मुलं कोणाकडे राहणार ते तिला विचारल्याशिवाय परस्पर ठरवू नका.

आणि ज्याने घरातच मारहाण केली होती त्याला परत घरात घ्यायची सक्ती बायकोवर कोणी करू नये, अगदी सासूनेही. भावाकडे किंवा भाड्याच्या खोलीवर त्याची सोय करा, मदत तिथूनही करता येते. तिला भीती वाटत असेल तर ११२ आणि महिलांसाठी १८१ हे नंबर तिच्या फोनमध्ये सेव्ह पाहिजेत.

शिक्षा चालू असताना संचित (फर्लो) किंवा अभिवचन (पॅरोल) रजेवर आलेला असेल तर हे सगळं थोडं थोडकंच होणार, पण परत हजर व्हायची तारीख आणि वेळ मात्र घरच्यांनीच पाळायला लावा. लग्न आहे, आजी सिरीयस आहे म्हणून परस्पर दोन दिवस जास्त राहिला की माफीचे दिवस (शिक्षेत मिळालेली सूट) कापले जातात आणि पुढची रजा अडकते. खरंच अडचण असेल तर रजा संपायच्या आधीच अर्ज करा.