नवी गाडी, एकदम पेटलेले पाच दिवे आणि हातातला मीटर

सकाळी बटण दाबलं की सेल्फ टकटक करून थांबतो आणि डॅशबोर्डवर इंजिन, एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग असे चार-पाच दिवे एकदम लागतात. बीएस-६ या प्रदूषण-नियमांनंतरच्या, म्हणजे एप्रिल २०२० नंतर घेतलेल्या गाड्यांत हे सर्रास दिसतं. पाच दिवे म्हणजे पाच बिघाड असं समजून माणूस घाबरतो आणि गाडी टोचन करून साठ-सत्तर किलोमीटरवरच्या सर्व्हिस सेंटरला नेतो. तिथं एखादा सेन्सर बदलतात आणि पंधरा दिवसांनी तेच दिवे परत लागतात.

या गाड्यांत इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग या प्रत्येकाचा वेगळा कॉम्प्युटर असतो आणि तो स्वतःला मिळणाऱ्या व्होल्टेजवर सतत लक्ष ठेवून असतो. सेल्फ फिरताना बॅटरीचं व्होल्टेज फार खाली गेलं की प्रत्येक कॉम्प्युटर आपापली तक्रार नोंदवतो. बिघाड एक आणि तक्रारी पाच, असा तो प्रकार असतो. म्हणून क्रम मोडायचा नाही. आधी बॅटरी, मग टर्मिनल आणि अर्थ (बॅटरीचं निगेटिव्ह इंजिनशी आणि बॉडीशी जोडणारी वायर किंवा पट्टी), मग चार्जिंग, आणि सगळ्यात शेवटी सेन्सर.

सामान फार लागत नाही. डिजिटल मल्टिमीटर, १० नंबरचा पाना, टॉर्च, फ्यूजचा एक संच आणि जमलं तर ब्लूटूथवर चालणारा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या सॉकेटला लावला की कॉम्प्युटरांनी नोंदवलेल्या तक्रारींचे कोड मोबाइलवर दाखवणारं यंत्र. बल्ब लावलेला जुना टेस्टर मात्र या गाड्यांच्या बारीक वायरींना लावू नका. तो जास्त करंट ओढतो आणि कॉम्प्युटरचं आउटपुट जळू शकतं. पिवळ्या कनेक्टरच्या किंवा पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना मीटरसुद्धा लावायचा नाही.

बॅटरी

रात्रभर उभ्या गाडीचं माप घ्यायचं. बॉनेट आदल्या संध्याकाळीच उघडून ठेवा, कारण सकाळी लॉक उघडलं की कॉम्प्युटर जागे होतात आणि आकडा खाली येतो. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून टोकं थेट बॅटरीच्या शिशाच्या खांबांना लावा. १२.६ किंवा वर म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेलेली बॅटरी आधी चार्ज करायची. तोवर पुढचं काहीच तपासू नका, सगळी मापं खोटी येतील.

मग दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा किती खाली जातो ते बघा. भरलेली बॅटरी ९.६ च्या खाली जात असेल तर ती आतून संपलेली आहे. उभ्या गाडीत १२.६ दाखवणारी बॅटरीही या परीक्षेत नापास होते, म्हणून पहिलं माप बघून तिला निर्दोष ठरवू नका.

आपल्याकडे बॅटरी मरते उन्हाळ्यात आणि कळते हिवाळ्यात. चंद्रपूर, अकोला, वर्धा, नागपूर या भागांत मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. त्या उष्णतेनं बॅटरीतलं पाणी उडतं आणि प्लेटी झिजतात. पण उन्हात इंजिन ऑइल पातळ असतं, सेल्फला जोर कमी लागतो, म्हणून गाडी सुरू होत राहते. डिसेंबरच्या थंडीत तेल घट्ट होतं, बॅटरीची ताकदही उतरते आणि मग ती उघडी पडते. त्यामुळे तीन वर्षं झालेल्या बॅटरीची सेल्फची परीक्षा दिवाळीच्या आधी एकदा घ्याच.

सिग्नलला थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिच्यात ईएफबी किंवा एजीएम जातीची, वारंवार सेल्फ मारणं सोसणारी बॅटरी असते. स्वस्त पडते म्हणून तालुक्यातल्या दुकानातून साधी बॅटरी बसवली तर ती लवकर बसते आणि आपोआप बंद-चालूची सोय त्याआधीच काम करणं सोडते. जुन्या बॅटरीवरची जात आणि अँपिअर-अवर (बॅटरीत किती वीज मावते तो आकडा) बघूनच नवी घ्या.

टर्मिनल आणि अर्थ

इथं सगळ्यात जास्त दोष सापडतात आणि इथंच सगळ्यात कमी लोक बघतात.

टर्मिनल हातानं फिरतंय का बघा. जरासंही फिरलं तर ते ढिलं आहे. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर गाडी बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, आधी काळी म्हणजे निगेटिव्ह वायर काढा, मग लाल. एक ग्लास कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा टाकून टूथब्रशनं घासा आणि पूर्ण कोरडं करा. बसवताना आधी लाल, मग काळी. वरून पेट्रोलियम जेली लावा. निगेटिव्ह टर्मिनलवर छोटी काळी डबी आणि तिला बारीक वायर असेल तर तो बॅटरी सेन्सर आहे. त्याच्यावर सोड्याचं पाणी ओतू नका, पान्यानं ठोकू नका. बॅटरी काढलेली असताना डिकी बंद करू नका, किल्ली गाडीत ठेवू नका. विजेवर उघडणारी डिकी मग उघडणार नाही.

आता अर्थ. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावा आणि सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.३ व्होल्टच्या आत हवा. तो अर्धा-पाऊण व्होल्ट आला तर इंजिनची अर्थ पट्टी गंजलीय किंवा बोल्ट ढिला आहे. तसंच दुसरं टोक बॉडीला लावून, हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून बघा. बोल्ट काढून खालचा रंग आणि गंज सॅंडपेपरनं चकचकीत करा, परत घट्ट करा. हॉर्न वाजवला की दिवे मंद होणं, इंडिकेटर दिला की स्क्रीन फडफडणं, अशा विचित्र तक्रारी बहुतेक वेळा या एका बोल्टाशी येऊन थांबतात.

चार्जिंग

गाडी चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.७ व्होल्ट यायला हवेत, हा जुना नियम. नव्या गाड्यांत अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, कॉम्प्युटरच्या हुकमानं चालतो. बॅटरी भरलेली असेल तर इंधन वाचवायला तो चार्जिंग कमी करतो आणि मीटर १२.८ दाखवतो. एवढ्यावर अल्टरनेटर बिघडला म्हणून कुणी बदलायला सांगितलं तर थांबा. हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर एकदम चालू करा, इंजिन थोडं रेस करा. आकडा वर चढला तर अल्टरनेटर ठीक आहे. लोड टाकल्यावर तो उतरतच गेला, १२.४, १२.२ असा, तर पट्टा, मोठा फ्यूज आणि अल्टरनेटरचा कनेक्टर याच क्रमानं बघा.

उभ्या गाडीत बॅटरी उतरणं

गावाकडे गाडी आठवडी बाजाराला किंवा लग्नालाच बाहेर निघते. बंद गाडीही थोडा करंट खाते. ५० मिलिअँपिअरपर्यंत ते चालतं, पण हिशेब करा: दिवसाला १.२ अँपिअर-अवर, पंधरा दिवसांत १८. छोट्या पेट्रोल गाडीच्या ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीची ती निम्मी ताकद झाली. म्हणजे गाडीत काही दोष नसतानाही ती पंधरा-वीस दिवस उभी राहू नये. आठवड्यातून एकदा निदान वीस-पंचवीस किलोमीटर चालवा. अंगणात दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून बॅटरी भरत नाही.

दोन-तीन दिवसांतच उतरत असेल तर गळती मोजा. बॉनेट उघडं, दार उघडं ठेवून दाराचं कुलूप स्क्रूड्रायव्हरनं दाबून बंद केल्यासारखं करा, किल्ली दहा मीटर दूर ठेवा. मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून निगेटिव्ह वायर आणि खांब यांच्या मध्ये जोडा. जोडल्याबरोबर दोन-चार अँपिअर दिसतील. घाबरू नका, कॉम्प्युटर झोपायला अर्धा-पाऊण तास लागतो. मग राहील तो आकडा खरा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. आकडा जास्त राहिला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या लाइनवर चोर आहे. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम, जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम हे पहिले संशयित. कायम लावून ठेवलेला ओबीडी स्कॅनरही करंट खातो, काम झालं की काढा.

उंदीर

सोयाबीन निघालं, धान कापणी झाली की वावरातले उंदीर घराकडे येतात. कोठ्याशेजारी, कुटाराच्या ढिगाजवळ किंवा कापूस भरलेल्या खोलीला लागून गाडी उभी असेल तर बॉनेटखालची ऊब त्यांना आयतीच मिळते. त्यांचे दात सतत वाढत असतात, म्हणून ते वायरी कुरतडतात. इंजिनवर लेंड्या, कुटाराची काडी किंवा कापसाचा बोळा दिसला तर सेल्फ मारण्याआधी टॉर्च घेऊन वायरिंग बघा. अर्धी कुरतडलेली वायर शॉर्ट झाली तर आग लागू शकते.

जोड देताना पिळून वरून टेप गुंडाळणं ही पद्धत इथं चालत नाही. पावसाळ्यात आत ओल जाते, तांबं हिरवं पडतं आणि दोष असा येतो-जातो की कुणाला सापडत नाही. खराब तुकडा कापा, त्याच जाडीची वायर घ्या, क्रिंप किंवा सोल्डर करून आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. शेजारच्या दोन वायरींचे जोड एकाच जागी आणू नका, तीन-चार सेंटिमीटर पुढेमागे ठेवा. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन वायरी दिसल्या तर त्या कॅन लाइनच्या, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या. त्यांचा पीळ जोडानंतरही तसाच ठेवायचा. काम झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह काढून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांत ओहम मोजा. बहुतेक गाड्यांत ६० च्या आसपास येतं. १२० आलं तर लाइन एका बाजूला तुटलीय, शून्याजवळ आलं तर दोन्ही वायरी चिकटल्यात.

विषारी गोळ्या गाडीत ठेवू नका. उंदीर एसीच्या नळीत जाऊन मरतो आणि डॅशबोर्ड उघडावा लागतो. तंबाखू, डांबरगोळ्या यांचा परिणाम दोन-चार दिवसांचा. एसीच्या हवेच्या तोंडाला पाव इंची लोखंडी जाळी बसवणं आणि गाडी कुटारापासून लांब उभी करणं, याचाच खरा उपयोग होतो.

चिखल आणि पाणी

पांदण रस्त्यानं काळ्या मातीतून गाडी आली आणि एबीएस, ट्रॅक्शन, हिल-होल्ड हे तिन्ही दिवे सोबत लागले, तर चाकाजवळचा स्पीड सेन्सर बघा. काळी माती तिथं चिकटून वाळते, आणि पऱ्हाटीच्या खुंटात अडकून त्याची वायर ओढली जाते. साध्या नळाच्या पाण्यानं माती धुवा, वायर क्लिपात परत बसवा, थोडं चालवून बघा. हे दिवे असताना साधे ब्रेक सहसा लागतात, पण चाक लॉक होण्यापासूनचं संरक्षण नसतं. जपून चालवा. सोबत लाल ब्रेकचा दिवाही असेल तर चालवू नका.

धुलाई सेंटरवर बॉनेट उघडून प्रेशरचं पाणी मारू देऊ नका. काचेखालच्या जाळीत कडुनिंबाचा पाला साठला की पावसाचं पाणी थेट आत, पायाखालच्या कार्पेटमध्ये उतरतं आणि अनेक गाड्यांत तिथंच वायरिंगचे जोड असतात. जूनच्या आधी तो पाला काढा.

जंप देताना

ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची, चालते. ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची, तिच्यावरून कधीही नाही, सगळे कॉम्प्युटर एका क्षणात जातील. ट्रॅक्टरचं इंजिन बंद ठेवा, कारण जुन्या ट्रॅक्टरचं चार्जिंग स्थिर नसतं. लाल केबल आपल्या उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, तिचं दुसरं टोक ट्रॅक्टरच्या पॉझिटिव्हला. काळी ट्रॅक्टरच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरी सेन्सरवर नाही. पाच मिनिटं थांबून सेल्फ मारा, काढताना उलट क्रम. घरच्या इन्व्हर्टरवर गाडीची बॅटरी चार्ज करू नका. तो दीडशे अँपिअर-अवरच्या बॅटरीसाठी असतो, छोट्या बॅटरीला तेवढा करंट सोसत नाही.

विजेवरच्या गाडीतही १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते. मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असून गाडी उठत नसेल तर ही छोटी बघा. केशरी वायरींना हात लावायचा नाही.

बाहेरून काही बसवायचं असेल तर रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावून, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज घालूनच. उडालेल्या १० अँपिअरच्या लाल फ्यूजच्या जागी २० चा पिवळा किंवा तांब्याची तार घातली की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते. गार्ड किंवा हुक वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा.

सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी

ओबीडी स्कॅनरवर दिसणारे कोड पुसण्याआधी स्क्रीनशॉट काढा. पी ०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी. यू ०१०० म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरशी संपर्क तुटला. मग कोड पुसून गाडी दोन दिवस चालवा. परत येतो तो कोड खरा, बाकीचे बॅटरीनं नोंदवलेले. दिवे लागतात तेव्हाचा व्हिडिओ, तारीख, किलोमीटर, गाडी किती दिवस उभी होती, पाऊस होता का, आणि वर घेतलेले आकडे वहीत लिहा. जॉब कार्डवर 'इलेक्ट्रिकल प्रॉब्लेम' एवढंच लिहू देऊ नका. 'रात्रभर उभी असताना १२.५, सेल्फ मारताना ८.९, दोनदा घडलं' असं लिहायला लावा आणि प्रत घ्या. वॉरंटीतल्या गाडीची वायर स्वतः कापू नका, ती त्यांनाच दाखवा. तेच काम तिसऱ्यांदा करूनही दोष गेला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथं तक्रार नोंदवताना तिन्ही जॉब कार्डं समोर ठेवा.