'अरीय' शब्द वापरताना या चुका टाळा

चाकाच्या मधल्या तुंब्यापासून कडेपर्यंत ज्या दांड्या जातात, ते आरे. संस्कृतात आऱ्याला 'अर' म्हणतात आणि त्यावरून झाला 'अरीय', म्हणजे इंग्रजीतलं 'रेडियल': आऱ्यांसारखं मध्य आणि कड जोडणाऱ्या रेषेत असलेलं. शब्द छोटा आणि नेमका आहे. म्हणूनच विज्ञानाच्या मजकुरात तो भलत्या जागी दिसला की मला राहवत नाही.

सगळ्यात मोठा घोटाळा म्हणजे गोल दिसेल त्याला अरीय म्हणणं. ओंडक्याचा आडवा काप बघा. एकात एक बसलेली वर्षवलयं दिसतात, ती समकेंद्री. ओंडका वाळला की त्याला तडे जातात, ते मात्र गाभ्याकडून सालीकडे धावतात. ते अरीय. त्यांचं कारणही याच शब्दाने सांगता येतं. वाळताना लाकूड वलयांच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच अरीय दिशेने आकसतं. या ओढाताणीत वलयं तुटतात आणि लाकूड उलतं. इथे कुणी 'वर्तुळाकार तडे' लिहिलं, तर वाचणारा भलतंच चित्र डोळ्यांपुढे आणतो.

शंका आली तर चित्राच्या केंद्रावर बोट ठेवा आणि रेषेवरून सरकवा. बोट सरळ लांब गेलं तर रेषा अरीय. केंद्रापासून तेवढ्याच अंतरावर फिरत राहिलं तर वर्तुळाकार. फिरत फिरत लांब गेलं तर सर्पिल. कोळ्याच्या गोल जाळ्यात अरीय आणि सर्पिल दोन्ही धागे असतात आणि त्यांची कामं वेगळी: अरीय धागे चिकट नसतात, भक्ष्य अडकतं ते चिकट सर्पिल धाग्यात. 'अरीय जाळं' असं सरसकट लिहिलं की नेमका हाच फरक पुसला जातो. सूर्यफुलाचंही तसंच. कडेच्या पाकळ्या अरीय, पण मधल्या बिया सर्पिल ओळींत.

दुसरी चूक जरा सूक्ष्म आहे. अरीय म्हणजे 'बाहेर जाणारं' असं धरून चालतात. हा शब्द रेषा सांगतो, त्या रेषेवरून कुठे जायचं ते सांगत नाही. तारा आपल्याकडे येत असो की लांब जात असो, दृष्टिरेषेतला त्याचा वेग अरीय वेगच. न्यूझीलंडमधल्या तारानाकी ज्वालामुखीच्या उतारांवरून नद्या चहूकडे वाहतात, तिथे भूगोलातला 'केंद्रत्यागी' हा शब्द जास्त चांगला, कारण त्यात दिशा आहे. खोलगट भागात सगळीकडून पाणी आत येत असेल तर 'केंद्रगामी'.

आरे दिसले म्हणजे रचना अरीय, असंही नाही. सायकलच्या मागच्या चाकाच्या तारा बहुधा तुंब्यातून तिरक्या निघतात आणि एकमेकींना छेदतात, कारण पायडलचा पीळ त्यांना कडेपर्यंत पोचवायचा असतो.

जीवशास्त्रात 'अरीय सममिती' लिहिताना प्राण्याची अवस्था तपासा. प्रौढ तारामाशाची सममिती पाच आऱ्यांची, पण त्याच्या अळीची द्विपार्श्व, म्हणजे आपल्यासारखी डावी-उजवी.

लिहिण्याच्या चुका थोडक्यात. 'री' दीर्घच. विशेषण बदलत नाही: अरीय रेषा, अरीय तडे, अरीय वेग. 'अरीयपणे' कानाला खटकतं, 'अरीय दिशेने' म्हणा. 'त्रिज्य' हाही रूढ पर्याय आहे, पण एका लेखात दोन्ही मिसळू नका.

आणि दर वेळी भाषांतर करायलाच हवं असं नाही. मनगटावर नाडी लागते त्या रेडियल धमनीचं नाव शेजारच्या हाडावरून पडलंय, तिथे आऱ्यांचा आकार शोधू नका. टायरलाही रेडियलच म्हणा. १९४६ साली मिशलिन या फ्रेंच टायर कंपनीने ज्याचं पेटंट घेतलं, त्या टायरमधले दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, धावण्याच्या दिशेला काटकोनात असतात. नाव त्यावरून आलंय, हे एका वाक्यात सांगितलं तरी पुरतं.