सीझियमची कुपी फोडण्याआधी ती गोठवून घ्या

ऋण आयनांच्या स्पटर स्रोतात (सीझियमच्या माऱ्याने लक्ष्यातून ऋण आयन काढणाऱ्या यंत्रात) सीझियम भरताना खरी अडचण तापमानाची असते, कारण हा धातू सुमारे 28.5 अंश सेल्सिअसलाच वितळतो आणि मुंबईच्या उन्हाळ्यात वातानुकूलन बंद पडले की कुपीत सोनेरी द्रव डुचमळू लागतो.

1. सीझियमसाठीचे, पुढे स्रोताला जोडायचे रिकामे पात्र आदल्या रात्री निर्वातात तापवून कोरडे करावे.
2. कुपी दुहेरी हवाबंद पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवावी, म्हणजे दव साचले तरी ते बाहेरच्या पिशवीवरच साचते. ही पिशवी ग्लव्ह बॉक्सच्या (हातमोजे बसवलेल्या हवाबंद पेटीच्या) दाराशी काढून टाकावी.
3. पेटीतल्या कोरड्या आर्गॉन वायूत, धातू घट्ट असतानाच, कुपीच्या मानेवर चरा पाडून ती कापडात धरून मोडावी, कारण काचेच्या धारेने हातमोजा फाटण्याची भीती मला सीझियमइतकीच वाटते. मग कुपी पात्रात ठेवून झडप बंद करावी.
4. पात्र स्रोताला जोडताना नवे तांब्याचे गॅस्केट (जोड हवाबंद करणारी चकती) वापरावे, झडपेपर्यंतचा भाग निर्वात करून गळती तपासावी आणि त्यानंतरच झडप उघडून तापवणे सुरू करावे.

फुटलेली काच, कापड आणि हातमोजे पाण्याजवळ नेऊ नयेत; आग लागल्यास पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड न वापरता धातूच्या आगीसाठीची कोरडी पूड वापरावी आणि ती आधीच हाताशी ठेवावी.