पैसे द्यावेत की दाखला मिळवून द्यावा: एका गरजू कुटुंबाला मदत करण्याची रीत

महाराष्ट्रातील नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाकाठी २,५०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापलेले दिसतात. (मासिक पगार २५,००० रुपयांपर्यंत असलेल्या स्त्रियांना यातून सूट आहे.) हा कर १९७५ साली लागू झाला तो मुळात खेड्यातील मजुरांच्या हाताला काम देण्यासाठी, हे आज फार थोड्यांना आठवते. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर कामाला आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरातील पगारदारांनी आणि व्यावसायिकांनी कर भरावा, राज्याने तेवढीच रक्कम आपल्या तिजोरीतून घालावी आणि मागेल त्याला काम द्यावे, असा तो हिशेब होता.

गरिबाला मदत करणे हे आपले काम की सरकारचे, हा वाद घालताना हा हिशेब जवळ असलेला बरा. पैसे आपण भरलेलेच आहेत. ते ज्याच्यासाठी भरले त्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतात की नाही, एवढाच प्रश्न उरतो. आणि तो पुष्कळदा एखाद्या दाखल्याशी, आडनावातील फरकाशी किंवा बँकेत न झालेल्या आधार जोडणीशी अडलेला असतो. म्हणून एखाद्या कुटुंबाला मदत करायची असेल, तर पाकीट उघडण्याआधी काय करावे आणि ते कोठे उघडावे, याची एक रीत येथे सांगत आहे.

सुरुवात स्वतःच्या घरातील हिशेबापासून करावी. धुणीभांडी करणाऱ्या मावशी, इमारतीचा रखवालदार, गाडी धुणारा मुलगा यांना आपण देतो ती मजुरी वेळेवर आणि योग्य आहे का, आठवड्याची सुट्टी भरपगारी आहे का, आजारपणाचे दोन दिवस कापले जातात का, हे आधी पाहावे. वर्षभर खाडे कापून दिवाळीला साडी देणे याला मदत म्हणता येणार नाही. हा हिशेब नीट झाल्यावर जे उरते ते मदतीचे क्षेत्र.

त्यानंतर एकच कुटुंब निवडावे. दहा घरांना थोडेथोडे देण्याचे समाधान मोठे असते, पण पाठपुरावा एकाच घराचा होऊ शकतो. त्या घरी बसून घरात माणसे किती, कोणाचे वय काय, कमावते कोण, शिधापत्रिका कोणत्या रंगाची आणि कोणाच्या नावावर, बँकेत खाते आहे का, हे समजून घ्यावे. सगळे एकाच बैठकीत विचारल्यास ती सरकारी चौकशी वाटते, म्हणून दोन-तीन भेटींत विचारावे. मूळ कागद स्वतःकडे ठेवून घेऊ नयेत. छायाप्रती काढाव्यात आणि मूळ कागद त्याच दिवशी परत करावेत.

पहिली तपासणी शिधापत्रिकेची. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ नुसार अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला ५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. केशरी कार्ड हाती असले म्हणजे कुटुंब प्राधान्य यादीत असतेच असे नाही. त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपये ठेवलेली आहे. शिवाय नवी सून आणि लहान मुले कार्डावर चढवलेलीच नसतात, त्यामुळे सहा माणसांच्या घरात तिघांचेच धान्य येते. भांडी घासून किंवा विटा वाहून बोटांचे ठसे झिजलेल्या माणसाला दुकानातील यंत्र ओळखत नाही, तेव्हा कार्डावरील दुसऱ्या सदस्याचा अंगठा लावता येतो, हेही अनेकांना कोणी सांगितलेले नसते. बाहेरगावहून आलेल्या मजुराने गावचे कार्ड दाखवून येथल्या दुकानातून धान्य घेता येते; ऊसतोडीला गेलेल्या बीडच्या कुटुंबाला कोल्हापुरात हाच नियम लागू होतो.

यानंतरचा आणि सर्वांत वेळखाऊ भाग म्हणजे मासिक अर्थसाहाय्य. विधवा, परित्यक्ता, अपंग, अनाथ मुले आणि गंभीर आजारी व्यक्ती यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. २०२३ मध्ये या दोन्हींची रक्कम दरमहा १,५०० रुपये झाली. लाडकी बहीण योजनेतून आधीच तेवढी रक्कम मिळणाऱ्या स्त्रीला दोन्ही लाभ एकाच वेळी मिळत नाहीत, पण ती योजना ६५ व्या वर्षी संपते, त्यामुळे त्या वयाच्या जवळ आलेल्या स्त्रीचा श्रावणबाळचा अर्ज आधीपासून तयार ठेवावा. दरमहा १,५०० म्हणजे वर्षाला १८,००० रुपये. आपण सणासुदीला देतो त्या पाचशेच्या नोटेशी या रकमेची तुलना करून पाहिली, तर तहसील कार्यालयातील चार खेपांची किंमत लक्षात येते.

या खेपा कशा घालाव्यात? रहिवासाचा, वयाचा आणि उत्पन्नाचा दाखला, विधवेच्या बाबतीत पतीच्या मृत्यूचा दाखला, आधार आणि बँकेचे पासबुक, एवढे कागद जमवून अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात द्यावा लागतो. आमच्या शेजारी काम करणाऱ्या एका विधवा बाईंचा अर्ज दोनदा परत आला. एकदा आधारवर माहेरचे नाव आणि शिधापत्रिकेवर सासरचे नाव होते म्हणून, आणि दुसऱ्यांदा पतीच्या मृत्यूच्या दाखल्यावर त्यांच्या नावातील एक वेलांटी चुकली होती म्हणून. वेलांटीची ती दुरुस्ती करायला दोन महिने लागले आणि तेवढ्या काळात त्यांच्या तीन दिवसांच्या मजुरीवर पाणी पडले. त्यावरून एक शिकलो: अर्ज भरण्याआधी सर्व कागद एका टेबलावर मांडावेत आणि नाव, जन्मतारीख, पत्ता या तीन गोष्टी अक्षर न् अक्षर ताडून पाहाव्यात. आणि ज्या दिवशी बाईंना स्वतः जावे लागते त्या दिवसाची मजुरी आपण भरून द्यावी. आपला हा खर्च सर्वांत लहान आणि सर्वांत उपयोगी.

कार्यालयाच्या दारात एखादा माणूस भेटतोच, जो काही रुपयांत सगळे करून देण्याचे सांगतो. त्याला नाही म्हणणे मनाला सोपे, पण पोटाला कठीण असते. म्हणून त्या वेळी आपण सोबत असणे महत्त्वाचे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित सेवांना दिवसांची मर्यादा ठरलेली आहे आणि अर्जाची पोच मागण्याचा अधिकार अर्जदाराला आहे. ती पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. मुदत उलटल्यास त्याच कायद्याखाली वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येते, आणि सबळ कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जेथे हा कायदा पुरत नाही तेथे माहितीचा अधिकार वापरावा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही, आणि उत्तराची मुदत ३० दिवस. ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर कोणत्या दिवशी कोणी काय शेरा मारला’ एवढाच प्रश्न विचारावा. तक्रारीचा सूर नको. कोरड्या प्रश्नाने फाइल जास्त हलते, असा माझा अनुभव आहे.

आता अडचणीची गोष्ट. निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला १,७५०. शहरात दोन घरची भांडी घासणारी बाईसुद्धा यापेक्षा अधिक कमावते. त्यामुळे दाखल्यावर कमी आकडा लिहून घेण्याचा सल्ला सर्रास मिळतो आणि तो देणारा बहुधा भल्या हेतूनेच देतो. तरीही खोट्या आकड्याखाली त्या बाईंना सही करायला लावू नये, कारण पुढे पडताळणी झाली तर वसुली त्यांच्याकडून होईल, आपल्याकडून नव्हे. कुटुंबाचे नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर त्या आधारावर अर्ज करता येतो. नसेल तर दार बंद. माझ्या मते खासगी मदतीची खरी जागा येथेच आहे. कायद्याने ज्याला हक्क दिला त्याच्यासाठी आपले पाय वापरावेत, आणि कायद्याच्या मापात जो जरासा उंच ठरल्यामुळे बाहेर राहिला त्याच्यासाठी आपले पैसे. अशा घराला ठरावीक तारखेला, ठरावीक रक्कम, किमान वर्षभर द्यावी. लहरीप्रमाणे कधी हजार आणि कधी काहीच नाही, अशी मदत मिळणाऱ्या माणसाला कोणतीही आखणी करता येत नाही. सोबत एक पत्र आपल्या आमदारांना लिहावे, त्यात हा २१,००० चा आकडा आणि त्या घराचा नावाशिवाय हिशेब मांडावा. मर्यादा वाढवणे हे सरकारचेच काम आहे, पण ती अपुरी आहे हे सांगणारा आवाज त्या बाईंचा क्वचितच पोहोचतो.

मंजुरी आणि पहिला हप्ता यांच्यामधील महिने हीसुद्धा खासगी पैशाची जागा आहे. या काळात किराणा किंवा घरभाडे थेट भरणे बरे, की रोख देणे? मी रोख देण्याच्या बाजूचा आहे. आपल्या घरात काय कमी आहे हे त्या घरातील बाईला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. देताना छायाचित्र काढू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी, तरी सांगतो.

आजारपण मात्र वेगळे हाताळावे लागते, कारण तेथे खासगी वर्गणी बघता बघता आटते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नोंदणीकृत रुग्णालयातील ठरलेल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. त्याखेरीज धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने त्याची योजना ठरली. म्हणून वर्गणीचा डबा फिरवण्याआधी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटावे, शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला द्यावा आणि धर्मादाय खाटेसाठी लेखी मागणी करावी. नकार तोंडी मिळाला तर तो लेखी मागावा; नकार पुन्हा मिळाल्यास धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे जावे. औषधे, नातेवाइकांचा प्रवास आणि जेवण यांचा खर्च तरीही उरतो आणि तो आपण उचलावा. रुग्णासोबत आलेल्यांनी रात्र कोठे काढावी, हा प्रश्न गाडगेबाबांना पडला होता म्हणून त्यांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा बांधल्या.

हप्ता सुरू झाला म्हणजे काम संपले असे समजू नये. निराधार आणि श्रावणबाळ योजनांत लाभार्थ्याने दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की पैसे थांबतात आणि कारण कोणी कळवत नाही. ती तारीख त्या घरातील शिकत्या मुलाला किंवा मुलीला समजावून सांगावी, कागदांची पिशवी त्यांच्याकडे सोपवावी आणि पुढच्या वर्षी त्या मुलीने एकटीने तहसील कार्यालयात जाऊन पोच आणली, तर आपण दुसरे घर पाहायला मोकळे झालो.